टाचेमागचा आरोपी

"व्याही, पाठीमागून रॅकेट मारता? मर्दासारखे समोर या की!"

बॅडमिंटन कोर्टावर बसकण मारून सासरे ओरडत होते. फळी मोडावी तसा आवाज सगळ्यांनीच ऐकला होता. मागे जोडीला खेळत होते सुनेचे वडील. हातात रॅकेट आणि तोंडावर गुन्हा न करताच आलेला अपराधी भाव. दोन्ही व्याह्यांना एका बाजूने खेळवायची कल्पना सुनेची. संबंध सुधारतील म्हणाली होती.

दोघांनी धरून सासऱ्यांना घरी आणलं. सासूबाई तेल गरम करून हजर. "लचक भरलीय. चोळलं की मोकळी होईल."

"आई, चोळायचं नाही!" सून म्हणाली.

"बोटं हलतायत की," सासरे म्हणाले. "लंगडत का होईना, चाललो. पाय मोडण्याइतका व्याह्यांचा नेम काही चांगला नाही."

"बोटं दुसरे स्नायू हलवतात, बाबा. पालथे झोपा. पावलं पलंगाबाहेर."

सून फिजिओथेरपिस्ट होती. घरात त्या पदवीचा उपयोग आजवर उशी निवडण्यापुरता झाला होता.

तिने आधी धडधाकट पायाची पोटरी दाबली. पाऊल टुणकन हललं. दुखऱ्या पायाशी मात्र हात अडखळला. पाऊल हललं तर पोटरी टाचेला जोडणारी धोंडशीर शाबूत. म्हणजे मार बाहेरून बसला, आणि हे घर तिच्या वडिलांना जन्मभर ते ऐकवणार. नाही हललं तर वडील सुटले, पण सासऱ्यांची ती टाचेमागची शीर तुटली. इकडे आड, तिकडे विहीर.

दारात उभ्या वडिलांकडे न बघता ती मनात म्हणाली, हलू दे.

दाबलं. पाऊल लोंबकळत राहिलं. पुन्हा दाबलं. टाचेच्या वर बोट फिरवलं, तर खळगा लागला.

"तुटलीय," ती म्हणाली. "तुटताना मागून कुणी मारल्यासारखंच वाटतं. मारलेलं कुणी नसतं."

वाटीतलं तेल निवत होतं. पाऊल खाली झुकलेलंच ठेवून तिने जाड पुठ्ठा बांधला. "आत्ताच दवाखान्यात जायचं. पाय टेकायचा नाही. वेळेत गेलो तर कदाचित ऑपरेशनही टळेल."

"म्हणजे कुणी मारलंच नाही?" सासऱ्यांचा चेहरा पडला. "आणि मी चारचौघांत..."

"मारलं नाही," वडील खांदा पुढे करत म्हणाले, "पण तो सोपा पॉइंट घालवलात ना व्याही, तेव्हा मनात आलं होतं."

"बघा! संशय अगदीच निराधार नव्हता," म्हणत सासऱ्यांनी अंगाचा सगळा भार त्या खांद्यावर टाकला.