झाकण मिटलं तरी जागा

बाबा केस कापायला गेले ते परत आलेच नाहीत. तिथे खुर्चीतच छातीत कळ आली. घरी त्यांच्या खोलीत त्यांचा लॅपटॉप मात्र तसाच चालू राहिला. झाकण मिटलेलं, शेजारी मोठा मॉनिटर, आणि चार्जर लावलेला. असं सगळं जोडलेलं असलं की तो झोपायचाच नाही, बाबांनी तशी सोयच करून ठेवली होती. पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता, तो त्यांच्याबरोबरच गेला.

आठवडाभर त्या खोलीत पाऊल टाकायचं कुणाला धाडस झालं नाही. आज दादानं हार्ड डिस्क आणली.

"हे बघ टकळे, लॅपटॉप झोपला की पासवर्ड मागणार. मग खेळ खलास. कशालाही हात लावायचा नाही. तू तर मुळीच नाही."

"मी काय माकड आहे?"

"माकड परवडलं. ते निदान गप्प बसतं."

टकळी हे नाव बाबांनीच ठेवलेलं, ती एकदा सुरू झाली की थांबायची नाही म्हणून. तिची लहानपणापासूनची बडबड ते रेकॉर्ड करायचे. मध्ये मध्ये त्यांचे तिरपागडे प्रश्न, आणि ते हसणं! सगळं 'घर' नावाच्या फोल्डरमध्ये. त्यांचा आवाज आणखी कुठेच नव्हता, मेसेजसुद्धा ते टाइप करूनच पाठवायचे.

दादानं आधी 'ऑफिस' आणि मग 'घर' असं कॉपीला लावलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली, तशी दोघं जेवायला बसली. कितीतरी दिवसांनी टकळीला घास गोड लागत होता.

"पहिलं काय ऐकायचं माहितीये? मी डॉक्टर होऊन बाबांना सुई टोचते ते!"

तेवढ्यात आई बाबांच्या खोलीतून बाहेर आली. सकाळपासून ती पलीकडच्या खोलीत झोपून होती, तिला सांगायचं राहूनच गेलं होतं.

"काय रे पोरांनो, चार्जरचा दिवा केव्हाचा हिरवा झालाय. पोट भरलं की काढावा, बाबा किती ओरडायचे यावरून! काढला मी."

दादा घास टाकून खोलीत धावला.

मॉनिटरवर दोनच शब्द होते: सिग्नल नाही. दादानं धडपडत चार्जर लावला, झाकण उघडलं. गोलात बाबांचा छोटासा फोटो आणि खाली रिकामी चौकट. त्यानं सगळ्यांचे वाढदिवस टाकून पाहिले. चूक. चूक. चूक. डिस्कवर 'ऑफिस' अख्खं उतरलं होतं. 'घर' उघडलं, आत काहीच नव्हतं. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "पासवर्डशिवाय देवालासुद्धा उघडायचं नाही हो."

"पण पूर्ण चार्ज झाला होता रे," आई पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. "झाला होता ना पूर्ण?"

मग तिनं टकळीचा हात घट्ट धरला. "तू तरी बोल गं काहीतरी. ते कसे हसायचे, करून दाखव. तुला हुबेहूब जमायचं."

टकळीनं तोंड उघडलं. खो-खो होतं, की हो-हो? आधी श्वास ओढायचे, की नंतर? तिनं घशात शोधलं, कानात शोधलं. आई डोळे मिटून वाट बघत होती.

टकळीनं तोंड मिटलं.