मधली सुट्टी बाहेर

श्याओमानच्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला होता. डॉक्टरीणबाईंनी मशीनमधून निघालेला कागद माझ्याकडे सरकवला, स्वतःचा चष्मा काढला आणि नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं चोळली. त्यांची भिंगं माझ्या मुलीच्या भिंगांपेक्षा जाड होती.

"रात्रीचे थेंब चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "काचा बदलून घ्या. आणि हिला बाहेर काढा. दिवसाउजेडी, रोज दोन तास तरी. गॅलरीत नाही हं, मोकळ्यावर."

"कधी काढू?" मी विचारलं. उलट बोलायचं म्हणून नव्हतं विचारलं. मला खरंच उत्तर हवं होतं. पोरगी सकाळी अंधुकात घर सोडते, दिवसभर शाळेत, मग जेवण, मग गृहपाठ, मग डोळ्यांत थेंब आणि झोप. शाळेत मधल्या सुट्टीतही वर्गातच बसायचं. लघवीला आणि पाण्याला तेवढं उठायचं. खाली मैदान आहे, पण पोरं पडतात, मग पालक भांडायला येतात, म्हणून ते नुसतं खिडकीतून बघायचं.

"मलाही दोन पोरं आहेत," बाई एवढंच म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं.

मी चुचोउ शहराच्या कापडबाजारात एका गाळ्यावर काम करते. घाऊक बाजार आहे, पहाटे उघडतो. तिसऱ्या मजल्यावर खिडकी नाही, त्यामुळे बाहेर ऊन आहे की पाऊस हे गिऱ्हाइकाच्या छत्रीवरून कळतं. नवरा, च्येनपो, दूर क्वेइचौ प्रांतात, डोंगरात बोगद्याच्या कामावर असतो. आमच्या घरात दिवस कुणी बघत असेल तर त्या सासूबाई. श्याओमान सहा वर्षांची होईपर्यंत त्यांच्याजवळ गावी वाढली. आम्हा दोघांना तेव्हा तिला शहरात ठेवणं जमत नव्हतं. मग शाळेसाठी तिला आणली आणि तिच्यामागे सासूबाईही आल्या, गुडघे धरत.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"वाढलाय."

"वाढणारच. गावात होती तेव्हा पलीकडच्या टेकडीवरची म्हैस कुणाची ते सांगायची. आता मी दारात उभी राहिले तर विचारते, कोण, आजी का?"

"आई, असं काही विचारत नाही ती."

"विचारेल. थांब थोडी."

मी शेवयांचं पातेलं खाली उतरवलं. भांडायला अंगात ताकद लागते.

तिसरीच्या दुसऱ्या सत्रात श्याओमानच्या वर्गाला नवीन बाई आल्या. फांग बाई. वयाने लहान, आवाज बसलेला, केस कायम अर्धे सुटलेले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोठ्या सुट्टीत अख्खा वर्ग मैदानावर नेला. कुणाला विचारलं नाही. श्याओमान घरी आली ती घामाने चिकट झालेली, मोजे मातीने भरलेले.

"आई, शाळेच्या मागे कापराचं झाड आहे. त्याच्यावर घरटं आहे. माझ्या बाकावरच्या लेइलेइला दिसलं, मला नाही दिसलं. मग बाईंनी मला उचललं, मग दिसलं."

ती बोलतच राहिली. आधी शाळेत काय झालं विचारलं की "काही नाही" म्हणायची पोरगी. सासूबाईंनी मोजे धुतले आणि त्या काही टोचून बोलल्या नाहीत, यावरून त्यांना बरं वाटलंय हे मी समजले.

असं महिनाभर चाललं असेल. मग एक दिवस गाळ्यावर फोन आला. श्याओमान पळताना लेइलेइवर आदळली. चष्मा फुटला, काच भुवईत घुसली. मी मापाची टेप गळ्यात तशीच घेऊन दवाखान्यात पोचले. टाके घालून झाले होते. पोरगी रडून दमली होती आणि मला बघून तिने पहिली गोष्ट विचारली, "नवीन चष्मा लगेच मिळेल का? मला तुझं तोंड दिसत नाहीये."

फांग बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या बाहीवर रक्त होतं. "माझी चूक आहे," त्या म्हणाल्या.

"डोळ्याला काही नाही ना?"

"नाही. डोळा वाचलाय."

"मग बसा जरा. तुम्हीच पडाल आता."

च्येनपोचा फोन आला तेव्हा मागे यंत्रांचा आवाज होता. तो ओरडत होता, म्हणजे तो घाबरला होता. "तक्रार कर! काच आणखी जराशी खाली गेली असती तर? कुणाच्या परवानगीने बाहेर नेलं? शाळेत शिकायला पाठवतो आपण, धडपडायला नाही!"

"तू इथे ये आणि कर तक्रार," मी म्हणाले. मग मलाच वाईट वाटलं. "टाके बारीक आहेत. दिसणार नाहीत मोठेपणी," मी सांगितलं. "जेवलास का?"

"जेवतो," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत पालकांचा ग्रुप पेटला होता. माझ्या मुलीच्या भुवईवर मी सोडून सगळे बोलत होते. आज तिचं झालं, उद्या आमच्या पोरांचं होईल. नवीन बाई आहे, अनुभव नाही. सगळ्यांत जास्त लेइलेइची आई लिहीत होती. तिच्या मुलीला साधं खरचटलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उपमुख्याध्यापक ल्यू सरांनी मला बोलावलं. त्यांनी स्वतः चहा ओतला. "ताई, तुम्ही फक्त सांगा काय हवंय," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात तर फांग बाईंना या वर्गावरून काढतो. दुसरीकडे नेमतो. विषय मिटला."

"मला काही नको."

"काहीच नको?"

"पोरांना उद्याही बाहेर सोडा."

सरांनी खुर्चीत पाठ टेकली आणि त्यांचा साहेबी आवाज गेला. "काल संध्याकाळपासून निम्म्या वर्गाच्या पालकांनी मला फोन केलेत. सगळे म्हणतात आत ठेवा. बाहेर सोडा म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या, आणि पडलेली मुलगीही तुमचीच. मी काय करू? मी शिक्षक झालो तेव्हा सुट्टीत पोरांबरोबर टेबलटेनिस खेळायचो. तेव्हा वर्गात चष्मेवाले दोन-तीन असायचे, बाकीचे त्यांना चिडवायचे. आता चिडवायला कुणी उरलं नाही."

"मग सोडा ना बाहेर."

"आणि उद्या दुसरा पडला की? त्याची आई तुमच्यासारखी असेल का?"

चहा गार झाला होता, तो मी पिऊन टाकला.

बाहेर पडल्यावर जिन्यात उभी राहून मी ग्रुपवर आवाजच रेकॉर्ड करून पाठवला, लिहीत बसायला धीर नव्हता. म्हटलं, पोरगी माझी, टाके तिला पडलेत, माझी काही तक्रार नाही. फांग बाईंनी बाहेर नेलं ते बरं केलं. मग लेइलेइच्या आईने लिहिलं: "तुमचं बरं आहे. तुमची सासू घरी बसलेली असते. आमच्या लेकरांना काही झालं तर आम्हाला रजा कोण देणार?"

ते खोटं नव्हतं, म्हणूनच झोंबलं.

मैदान बंद झालं. फांग बाईंना वर्गावरून काढलं नाही, बहुतेक माझ्या बोलण्यामुळे, पण पोरांना मैदानावर न्यायचं नाही अशी ताकीद मिळाली. श्याओमान सांगायची, सुट्टीत बाई खिडक्या उघडतात आणि सगळ्यांना आळीपाळीने कापराच्या झाडाकडे बघायला उभं करतात. घरटं त्या बाजूने दिसत नाही.

मग मी तिची शनिवारची गणिताची शिकवणी बंद केली, तेवढंच ऊन मिळेल म्हणून. त्यावरून च्येनपोशी दोन आठवडे धड बोलणं नव्हतं. "मी बोगद्यात कुजतोय ते कशासाठी? तिने माझ्यासारखं होऊ नये म्हणूनच ना?" तो म्हणाला. मी म्हटलं, "बोगद्यात तीही आहे."

शाळा सुटली की सासूबाई तिला इमारतीच्या आवारात बसवू लागल्या. गाड्यांच्या मधल्या जागेत दोन बुटकी स्टुलं, एकावर त्या, एकावर वही. ऊन उतरेतो खेळ, मग उजेड असेतो लिहिणं. मी बाजारातून आले की सासूबाईंना वर पाठवायची, त्यांचे गुडघे गारठ्यात दुखतात. मी तिथेच पायरीवर बसायची आणि भिंतीला डोकं टेकून पेंगायची. श्याओमान मला दोरीचा खेळ दाखवायची. "आई, बघतेस ना?" "बघते," मी डोळे मिटून म्हणायची. तिला कळायचं. तरी विचारायची.

शरदात पुन्हा तपासणी झाली. नंबर वाढलाच होता.

"पण कमी वाढलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागच्या वेळेपेक्षा कमी. चांगलं आहे हे."

"थांबेल का?"

"हळू होईल. तेवढंच आपल्या हातात आहे."

बसमध्ये श्याओमान माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तो कुठे ठेवू हे कळत नव्हतं, इतकी झोप आली होती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आवाराच्या फाटकातून लेइलेइची आई आली. पलीकडच्या इमारतीत राहते, पण कधी इकडे पाय ठेवला नव्हता. अंगात बँकेचा गणवेश, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात लेइलेइ. लेइलेइच्या नाकावर कोरा चष्मा होता.

ती माझ्यासमोर उभी राहिली. मी उठले नाही.

"परवा लागला," ती म्हणाली.

"हं."

"माझी सुट्टी सात वाजता होते. आज लवकर निघून पळत आले म्हणून भेटले." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "रोज मी येईपर्यंत ठेवून घेता का हिला? शाळेतून तुमच्या सासूबाईंबरोबरच येईल. मी नंतर घेऊन जाईन."

माझ्या ओठांवर आलं होतं, पडली तर रजा कोण देणार? पण तिच्या डोळ्यांखाली जे होतं ते मी रोज आरशात बघते.

"पडेल," मी म्हणाले. "पोरं पडतात."

"पडू दे."

सासूबाई वरच्या खिडकीतून ओरडल्या, "अगं, दोघी असतील तर स्टूल आणखी एक लागेल!"

लेइलेइ आधीच गाड्यांमागे गेली होती. तिची आई पिशवी खाली ठेवून माझ्या पायरीवर बसली, भिंतीला डोकं टेकलं. म्हणाली, "फक्त पाच मिनिटं." मी तिला उठवलं नाही.