एकतीस तारीख कोणाची

आप्पांना मुलगे दोन आणि दोघांत मिळून बाप एक, हीच काय ती अडचण. थोरला वरच्या मजल्यावर, धाकटा खाली आणि आप्पा जिन्याखालच्या खोलीत. जन्मभर लोकांच्या शेगड्या दुरुस्त करून आप्पांनी हे घर उभं केलं. आता त्यांचं जेवण पाळीवर आलं होतं. महिन्याचे पहिले पंधरा दिवस वर, पुढचे पंधरा खाली. एकतीस तारीख उजाडली, की वरचे म्हणायचे खाली जेवतील, खालचे म्हणायचे वर.

पण त्या सकाळी शिरगणतीच्या बाई आल्या आणि नवलच घडलं.

"लिहा बाई, वडील आमच्यात," थोरला म्हणाला.

"वा रे वा! आमच्यात आहेत ते," धाकटा पुढे सरसावला. "यांना तर आप्पांचा खोकलासुद्धा सहन होत नाही."

"आणि तू रे? चष्म्याची काच बदलायला चार महिने लावलेस!"

दोघांना बापाचा एवढा पुळका का यावा? तर यंदा या गणतीवरूनच सरकार घरातली कमाई घरातल्या माणसांत वाटून माणशी उत्पन्न काढणार होतं. ते मर्यादेत बसलं, तर मुलांची फी माफ. बिनकमाईचा एक म्हातारा पदरात पडला, की गणित बरोब्बर जमत होतं.

आप्पा काही दूधखुळे नव्हते, त्यांना सगळं कळत होतं. तरी बरं वाटलं, खोटं कशाला बोला? आपल्यावरून दोघं भांडतात ते आपण हवे आहोत म्हणून, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंना अजून अर्धी गल्ली उरकायची होती. "आजोबा, हक्क कुणाचा ते राहू द्या. ज्या चुलीवरचं जेवता, ते तुमचं घर. काल रात्री कुठे जेवलात?"

"आमच्यात!" दोघे एकदमच म्हणाले आणि एकमेकांकडे बघायला लागले.

काल एकतीस तारीख होती.

"पाव खाल्ला," आप्पा म्हणाले. "पाण्यात बुडवून. माझ्या खोलीत."

पावावर रात्र काढल्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. दोघांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं, हे मात्र जिव्हारी लागलं.

"मग लिहू काय?" बाईंनी विचारलं.

"वेगळं घर लिहा. माणसं, एक."

थोरल्याने "अहो आप्पा" म्हणेपर्यंत बाईंनी लिहूनसुद्धा टाकलं. "मागच्या खेपेला या गल्लीत एकट्याचं घर एकच होतं," त्या सहज म्हणाल्या. "यंदा तुमचं सातवं." आणि शेजारचं दार वाजवायला गेल्या.

संध्याकाळी थोरली सून ताट घेऊन खाली आली. भाजी गरम होती. एरवी ताट ठेवून निघून जाणारी सून आज जेवण होईपर्यंत दाराशी उभी राहिली.

"आप्पा, त्या बाई परत येणार आहेत का हो?"

"येतील की," आप्पा घास चावत म्हणाले. "दहा वर्षांनी."