महाराजांची तीन बोटं

"माझं मशीन कधी अडकत नाही. कोर्स केलाय मी, क्लासमध्ये पहिला होतो!" पंचवटीतल्या आपल्या लग्नपत्रिकांच्या दुकानात जीवन म्हणाला, आणि कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला. माऊस हलेना, बटणं ऐकेनात. साल नव्व्याण्णव.

समोर मखमलाबादच्या भागुबाई बसल्या होत्या, शेजारी त्यांची नवरी मुलगी सुवर्णा. सकाळपासून भागुबाईंनी अख्खी भावकी मानापानानं पत्रिकेत लिहवून घेतली होती. संध्याकाळी पत्रिका छपाईला जायची होती.

"बंद करून चालू कर की भाऊ."

"नको मावशी, सगळी नावं जातील! ही शनीची नजर आहे."

जीवननं निरोप धाडला तसे घाटावरून धोंडीराम महाराज आले, मागून बघ्यांची गर्दी. महाराजांनी सगळ्यांना अंगारा लावला, कीबोर्डवर शाल पांघरली. "यंत्र ही कलियुगाची गाय! गोंजारलं की पान्हा सोडते. आता डोळे मिटा, तेज सोसायचं नाही. ओम् ह्रीं विंडोजाय नमः!"

डोळे उघडले तर पडद्यावर पत्रिका! माऊस पळतोय! जीवन सगळ्यांच्या आधी पाया पडला.

"मी डोळे मिटले नव्हते," सुवर्णा म्हणाली. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिनं शाल ओढली. महाराजांची तीन बोटं अजून कंट्रोल, ऑल्ट, डिलीटवरच होती. "ही तीन एकदम दाबली की चालू प्रोग्रामची नावं येतात. अडकलेला तेवढा बंद करायचा. झालं."

"मग काय अडकलं व्हतं?" भागुबाईंनी विचारलं.

"पत्त्यांचा डाव."

सगळे जीवनकडे बघायला लागले.

"मी सासऱ्यांचं नाव सांगत व्हते, तवा तू पत्ते कुटत व्हतास व्हय रे?"

जीवनला टेबलाखाली जावंसं वाटलं. गर्दीतले लोक गुपचूप कपाळावरचा अंगारा पुसायला लागले. महाराज चपला शोधत होते.

"अडकलं तर कुठं अडकलं ते बघा," सुवर्णा म्हणाली. "आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर आधी त्याच्या हाताकडे बघा. दादा, तुम्ही पत्रिका सेव्ह करा."

"करतो, करतो. मला हे येत होतं, विसरलो होतो. बघा!" लाजेनं लाल झालेल्या जीवननं तीन बटणं दाबली. सगळे बघत होते म्हणून परत एकदा दाबली.

दोनदा दाबलं की मशीन पहिल्यापासून चालू होतं. पत्रिका सेव्ह झालेली नव्हती.

भागुबाईंनी भावकी पुन्हा सांगितली. घाईत थोरल्या चुलत सासऱ्यांचं नाव राहिलं. ते लग्नाला आले नाहीत.