अडकित्त्याखालची गोळी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीतली एक खोली मनात उभी करा. गिरण्यांचा संप फसून चार-पाच वर्षं झालीत. शकु चहा गाळतेय आणि तिचे आजोबा, गुणाजी, अडकित्त्यात सुपारीऐवजी पांढरी गोळी धरून बसलेत. कट्! गोळीची दोन शकलं झाली.

गोळी इस्पितळातली. आजोबांचं हृदय थकलं होतं. पाय सुजत, आडवं झालं की दम लागे. डॉक्टर अनुपमाबाईंनी त्यांना एका मोठ्या अभ्यासात घेतलं होतं. त्यांनी शकुला समजावलं होतं, "गावोगावच्या इस्पितळांत हे चाललंय. काहींच्या बाटलीत खरं औषध, काहींच्या बाटलीत औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. कुणाला काय, मलाही ठाऊक नाही. म्हणून प्रत्येकानं सांगितल्याप्रमाणे घ्यायची. तरच कळेल, औषधानं माणसं जगतात की नाही."

शेजारच्या काशीरामांनाही तोच आजार. पण मूत्रपिंडं बिघडलेली, म्हणून बाईंनी त्यांना घेतलं नव्हतं.

"आजोबा, त्यांना अर्धी का देता?"

"गो चेडवा, गिरणीत डब्यातलो घास आमी अर्धो केलो. आता गोळी एकट्यान कशी खावची?"

काशीराम दारातूनच हसले. "आणि खडू निघालो तर?"

"तर दोघांनी मिळान खडू खाल्लो!"

मग आजोबांनी शकुला दटावलं, "बाईंका सांगशीत तर माझ्या गळ्याची शप्पथ. बाटली बंद करतीत."

दिवाळीच्या आधी काशीराम गेले. अर्धीच मिळाली म्हणून गेले, की त्या अर्धीनंच नेलं? शकुला हे कुणाला विचारताही येईना. आजोबा मात्र रोज गोळी कापतच राहिले. एक शकल स्वतः गिळायचे, दुसरं काशीरामांच्या बंद खिडकीत ठेवायचे. "त्याचो वाटो," एवढंच म्हणायचे. त्या शकलाला कावळासुद्धा शिवत नसे. आजोबांची सूज गुडघ्यापर्यंत चढली.

इस्पितळात बाईंनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना. बाईंचा चेहरा उतरला.

"गुणाजीकाका, रोज अख्खी गोळी घेता ना?"

"घेतंय बाई."

"मग ही गोळी तुम्हाला लागू पडत नाही, असंच लिहावं लागेल मला."

शकुनं आजोबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, धापा टाकत. त्यांनी गळ्याची शपथ घातली होती. बोलली तर आजोबा मरतील, असं तिला खरंच वाटत होतं. न बोलली तरीही.

तिनं आजोबांच्या मांडीवरची पानाची चंची ओढली, आतून अडकित्ता काढला आणि पात्याला पांढरी भुकटी चिकटलेली तशीच ठेवून तो बाईंच्या टेबलावर, त्यांच्या हाताशी सरकवला.