दिवाळीच्या सुट्टीतली दाढ

माझी अक्कलदाढ काढायचं गेल्या दिवाळीतच ठरलं होतं. तेव्हा कापसाची वेचणी आडवी आली. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरलं, तर चुलतबहिणीचं लग्न निघालं. करवलीचं तोंड सुजलेलं कसं चालेल, म्हणून पुन्हा राहिलं. दाढ मात्र कुणासाठी थांबली नाही. ती जबड्यात आडवी वाढत राहिली, आणि यंदा बारावीच्या सहामाहीत, फिजिक्सच्या पेपरला, माझा गाल एवढा फुगला की डोळा मिटत आला. अर्धा पेपर कोरा ठेवून मी उठले. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे. तीही अशीच द्यायची का?

वसमतच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिरडी कापून काढावी लागेल. आठ दिवस आराम पाहिजे. सुट्टी लागली की शुक्रवारी ये, नंतर मी गावाला जाते." मी तिथंच "शुक्रवार, दहा वाजता" असं वहीत लिहून टाकलं.

आमचा बंजारा तांडा डोंगरकडा गावापासून आत आहे. घरी आम्ही गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत, भांडतो. इथं मराठीत सांगते आणि शिव्या गाळते. माझी याडी, म्हणजे आई, तारीख ऐकून कपाळाला हात लावून बसली.

"पेमा, मंगळवारी मेरा हाय, अन् तू शुक्रवारी तोंड शिवून घेतीस? म्होरं कोण गाईल?"

मेरा म्हणजे दिवाळीच्या अमावस्येला तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर जातात आणि गाऊन थोरामोठ्यांचं भलं चिंततात. पाच वर्षं पुढं मीच गातेय. माझा आवाज खणखणीत आहे, हे मी लाजत सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्याचे नायक पुनमचंद स्वतः दारात आले. बाजेवर बसले, चहा घेतला आणि बशी खाली ठेवता ठेवता निकाल दिला.

"दाढ मेऱ्यानंतर काढ."

"मेऱ्यानंतर डॉक्टरीणबाई न्हाईत, नायकबापू. अन् मेऱ्यानंतर तुमचा कापूस हाय."

याडीनं मला मागून चिमटा काढला. पण मी खोटं काय बोलले? दर सुट्टीत नायकबापू तांड्यातल्या पोरींच्या टोळ्या पाडतात, ही इकडं वेचायला, ती तिकडं. उरलेल्या दिवसांत लग्नं लावतात. आजवर एकीलाही त्यांनी विचारलं नाही, की बाई, तुझं काही काम होतं का सुट्टीत.

"दाढच हाय ना? जीव चाललाय का तुझा?" ते म्हणाले. "माझ्या दोन आपोआप पडल्या."

"तुमाला पेपर नव्हता."

ते उठून गेले. बा तेवढ्यात बैलाला पाणी पाजायला निघून गेले होते. तांड्यात भांडण लागलं की आमच्या बैलाला हटकून तहान लागते.

शुक्रवारी मी एकटीच निघाले. फाट्यावर एसटी आली, तर मागून याडी चढली. शेजारी बसली, पण वसमत येईपर्यंत तोंड खिडकीकडं करून. दवाखान्यात संमतीचा कागद पुढं आल्यावर मात्र तिनं अंगठा पुढं केला. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे. मला सप्टेंबरात अठरा झाले." आणि माझी सही मीच केली. भीती वाटत होती. सही वाकडी आली, पण आली.

परत आल्यावर घरात बायका जमल्या. माझ्या तोंडात कापसाचा बोळा, दात घट्ट मिटलेले. भिकाबाई काकी म्हणाली, "घाण रगत गिळू नको पोरी, थुंकून टाक." दुसरी म्हणाली, गरम मिठानं शेक. आमच्याकडं वैद्याला तोटा नाही. मी मान हलवून दमले. तेव्हा सकाळपासून रुसलेली याडी बर्फाची पिशवी घेऊन उंबऱ्यात येऊन बसली.

"थुंकू नको म्हणलंय डॉक्टरीणबाईनं. ज्यांना थुंकायचंय त्यांनी आपापल्या दारात जाऊन थुंका."

मला हसू आलं, आणि हसल्यावर असं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, ते खरं. मंगळवारीही माझं तोंड बोटभरच उघडत होतं. तरी ओढणी नीट करून, सुजलेला गाल उघडा ठेवून, दिवा घेऊन मी पोरींच्या पुढं उभी राहिले. लपवायला मी काही चोरी केली नव्हती. गाणं मागच्या आठ जणींनी मिळून म्हटलं. दहावीतली मिना जरा वर चढली, दोघी मागं राहिल्या, पण गाणं पुरं झालं.

पहिलं दार नायकबापूंचं. तिथं निम्मा तांडा गोळा झाला होता.

"ऐकलं का?" ते सगळ्यांकडं बघून म्हणाले. "हिच्या पुस्तकापायी यंदाचा मेरा फिका पडला. आता सणाच्या दिवशी काय बोलावं?" आणि ओवाळणीसाठी त्यांनी खिशात हात घातला.

"नोट नको," मी म्हणाले. जीभ जड होती, शब्द एकेक करून काढावा लागत होता. "सुट्टी द्या."

"काय?"

"सुट्टी. आमची. सगळ्या पोरींची."

ते हसले. "येडी का काय तू? सुट्टी काय माझ्या खिशात हाय व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. "तिथंच हाय. काढा."

कुणी हसलं नाही. मागून मिना येऊन माझ्या बरोबरीनं उभी राहिली, मग बाकीच्या आल्या. मेऱ्याच्या पोरींना दारातून हाकलत नाहीत. नायकबापूंचा हात खिशातच राहिला, आणि आम्ही नऊ जणी दिवे घेऊन तिथंच उभ्या राहिलो.