वनीचा दोष नव्हता

"आपल्या घरच्या बाया तसल्या तपासण्या करत नाहीत," मथुरा सुनेला म्हणाली. "जा, चहा टाक."

हेमांगीच्या हातात रविवारच्या शिबिराचा कागद होता. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी, तीस वर्षांवरच्या बायकांसाठी, फुकट. पालिकेच्या दवाखान्यातली नर्स सपना दुपारी गल्लीत घरोघरी ते कागद वाटून गेली होती.

"आई, पाच मिनिटांचं काम आहे म्हणे. मला अधूनमधून अंगावरून जातं, म्हणून वाटलं…"

"बाईच्या जातीला ते असतंच! आणि तो आजार कसल्या बायांना होतो, माहीत नाय तुला? नाव लिहिलंस की गल्लीत बोभाटा!"

मथुरा चोपन्न वर्षांची. मालाडच्या खाडीकाठी त्यांचा कोळीवाडा, आणि तिथल्या मासळीबाजारात मथुराचा शब्द म्हणजे कायदा. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातही तेच खणखणीत आवाजात सांगितलं. झालं! रविवारी सपना सिस्टर समाजमंदिरात दुपारपर्यंत ताटकळत बसली, एकही बाई तिकडे फिरकली नाही.

दुसरी कोणी असती तर वैतागून गेली असती. सपना सोमवारी गिऱ्हाईक ओसरायच्या वेळेला सरळ बाजारात आली आणि मथुराच्या शेजारी पालथ्या क्रेटवर बसली.

"मावशी, पापलेट ताजं आहे कशावरून?"

मथुराने तोऱ्यात कल्ला उचलून दाखवला. "हा बघ, लालभडक!"

"वरून चकचकीत दिसतंय की. कल्ला कशाला उघडायचा?"

"वरून काय कळतंय गो? वास सुटायच्या आधी कल्ल्यात दिसतं."

"तेच सांगायला आलेय मी," सपना म्हणाली. "गर्भपिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ औषध लावतो. पेशी बिघडायला लागल्या असतील तर तिथे पांढरा डाग उमटतो. दुखायच्या आधी कळतं. तेव्हाच उपचार झाले तर कर्करोग होतच नाही, मावशी. दुखेपर्यंत थांबलो तर फार उशीर होतो."

"बोलायला हुशार आहेस. पण तो रोग वाईट चालीच्या बायांचा. आमच्यात नाय तसल्या."

सपनाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "कोणी सांगितलं तुम्हाला? तो एका विषाणूमुळे होतो. जिने जन्मात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष पाहिला नाही, तिलाही तो विषाणू नवऱ्याकडून लागू शकतो. बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघून जातो. काहींच्या राहतो आणि दहा-पंधरा वर्षं आतून पोखरत बसतो. त्यात चालीचा काय संबंध?"

मथुराचा हात पाटीतच थांबला.

तिची धाकटी बहीण वनमाला अकरा वर्षांपूर्वी याच आजाराने गेली होती. वर्षभर तिच्या अंगावरून रक्त जात होतं. ते तिने फक्त मथुराला सांगितलं, आणि मथुरा म्हणाली होती, "गप ऱ्हा. सासरचे काय म्हणतील?" हॉस्पिटलात नेली तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले. पण त्याहून वाईट गोष्ट मथुराने कोणालाच सांगितली नव्हती. आजाराचं नाव कळलं, तशी शेजारणींची कुजबुज कानावर आली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. आपली वनी कुठे घसरली असेल का? शेवटच्या महिन्यात बाजाराचं निमित्त करून ती बहिणीच्या उशाशी बसायलाही गेली नव्हती.

"सिस्टर," तिचा आवाज फाटला, "म्हणजे… माझी वनी वाईट नव्हती?"

सपनाला काही कळेना. मग मथुराने भर बाजारात, आजूबाजूच्या कोळणी ऐकत असताना, सगळं सांगून टाकलं. सपनाने तिचा मासळीचा ओला हात तसाच हातात घेतला.

"मावशी, तुमची बहीण आजारी होती. बस्स, एवढंच."

पदर तोंडाला लावून मथुरा ओक्साबोक्शी रडली. अकरा वर्षं! अकरा वर्षं निष्पाप पोरीवर संशय घेतला आपण! आणि परवा घरात सुनेचंही तोंड तसंच बंद केलं!

तिने डोळे पुसले. "पुढचं शिबिर कधी?"

"बायका येणार असतील तर शुक्रवारी ठेवते."

"ठेव. पहिलं नाव माझं लिही. दुसरं माझ्या सुनेचं."

शुक्रवारी दोघी गेल्या. मथुराची तपासणी ठीक निघाली. हेमांगीच्या तपासणीत मात्र पांढरा डाग दिसला. तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे छोटा तुकडा काढून तपासायला दिला.

मथुराचा मुलगा, हेमांगीचा नवरा निमेश मासेमारीच्या बोटीवरून परतला आणि हे ऐकून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हिला कसं काय झालं हे?"

"काय विचारतोस रे?" मथुरा कडाडली. "तो विषाणू बाई काय एकटीच घेऊन येते? खबरदार तिच्याकडे असं बघितलंस तर! एक बहीण मी या संशयापायी गमावली, सून गमावणार नाय. रिपोर्ट आणायला तू तिच्याबरोबर जायचं. बोट राहिली तर राहू दे!"

निमेश खाली मान घालून हेमांगीबरोबर रिपोर्ट आणायला गेला. कर्करोग झालेला नव्हता, पण पेशी बिघडू लागल्या होत्या. आणखी काही वर्षं कळलं नसतं तर गोष्ट हाताबाहेर गेली असती. डॉक्टरांनी तेवढा भाग काढून टाकला. हेमांगी त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी आली. आता ठरल्या वेळी तपासणीला जायचं, एवढंच. तेरा वर्षांच्या समीक्षाला, मथुराच्या नातीला, या विषाणूची लस द्यायचंही घरात ठरलं.

पुढच्या शिबिराआधी मथुरा समाजमंदिरात उभी राहिली. समोर बाजारातल्या सगळ्या कोळणी बसल्या होत्या.

"बायांनो, मी चुकीचं बोलले होते. माझी वनी लाजेपायी मेली. तिला गप्प बसवणारी मीच! तुमच्यातली एकही आता गप्प बसायची नाय. उठा, नावं लिहा!"

त्या दिवशी एकतीस बायकांची तपासणी झाली. सपना सिस्टरला जेवायला सवड मिळाली नाही.

मंडळी, आजार बाईची चाल बघून येत नाही. त्याला लाजेच्या पदराखाली झाकणारे आपणच असतो, आणि त्या झाकण्याने बायका जातात. तुमच्या घरात तिशी ओलांडलेली आई असेल, बायको असेल, सून असेल, तर तिला आजच विचारा, तपासणी केलीस का? आणि अंगावरून जातंय असं ती दबक्या आवाजात म्हणाली, तर तिला गप्प बसवू नका. चपला घाला आणि तिच्याबरोबर दवाखान्यात चला.